दहात एक

आमच्या ह्यांना लोक 'दहात एक' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण माझ्या दुकानात पडद्यांची मापं घेऊन येणाऱ्या बायकांना तोंडावर आणि पाठीमागे यातला फरक फारसा कळत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. "काय म्हणतायत मग दहात एक साहेब?" एक विचारते, दुसरी तोंडावर हात धरून हसते, आणि मी दातांत टाचण्या धरून मूग गिळून बसते. तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही. आमच्या धंद्यात तेवढाच एक फायदा आहे.

हे सरकारचे शास्त्रीय सल्लागार. ऐकायला केवढं भारदस्त वाटतं! माझ्या माहेरी अजून वाटतं की जावयाला विचारल्याशिवाय मंत्र्यांच्या घशाखाली घास उतरत नसेल. प्रत्यक्षात ह्यांची खोली जिन्याखाली, शेजारी झाडू ठेवायचं कपाट. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली ह्यांनीच लिहिलेला एक जाडजूड अहवाल सरकवलाय. "चला, कुणाच्या तरी उपयोगी पडला," म्हणतात आणि स्वतःच हसतात. मला नाही हसू येत.

ह्यांचा विषय डोंगरउतार. कुठला उतार सरकतोय, किती सरकतोय, खाली कोण राहतं. तरुणपणी स्वतः चढून डोंगरात मोजमापाच्या सळ्या पुरायचे, चिखलाने लडबडलेले बूट घेऊन घरात यायचे आणि माझ्या शिव्या खायचे. आता सळ्यांचे आकडे आपोआप येतात, हे खुर्चीत बसून बघतात. बूट स्वच्छ असतात. मला कधीकधी त्या चिखलाची आठवण येते, कारण तेव्हा हे घरी येताना शीळ घालत यायचे.

मंत्रिमंडळाची बैठक असली की हे बाहेरच्या बाकावर बसून राहतात. आपला विषय निघाला की शिपाई दार किलकिलं करून खूण करतो. आत भलंमोठं टेबल आहे, पण ह्यांनी टेबलाशी बसायचं नाही. भिंतीला लागून खुर्च्या असतात, तिथे बसायचं, विचारलं तेवढं सांगायचं. सांगून झालं की मंत्री "आभारी आहोत" म्हणतात, म्हणजे उठा. निर्णय ह्यांच्यासमोर कधी होत नाही. दार लागल्यावर आत काय ठरलं ते ह्यांना बातम्यांत कळतं, तुम्हाआम्हाला कळतं तसंच. माझ्या दुकानात दिवसभर रेडिओ चालू, त्यामुळे बऱ्याचदा मलाच आधी कळायचं. मी फोन करायची, "अहो, तुमचं काही ऐकलेलं दिसत नाही." हे म्हणायचे, "असं का? बरं." मला अस्सा राग यायचा, की कात्री घेऊन सरळ तिकडे जावं आणि त्या दाराचा पडदा तरी फाडून यावा.

आता 'दहात एक'चं सांगते. ह्यांची मोठी बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, डोंगराखालच्या वस्तीत राहतात. आई लवकर गेली, ह्यांना वन्संनीच वाढवलं. त्यांची पावाची भट्टी आहे, सासऱ्यांच्या वेळची, मातीविटांची. ती भट्टी कधी थंड व्हायचीच नाही, विस्तव राखून ठेवायचा आणि त्यावर पुढचा. वन्संचे यजमान गेले त्या दिवशीसुद्धा शेजारच्या सुताराने येऊन लाकडं सरकवली होती. दर आठवड्याला वन्सं बसच्या ड्रायव्हरकडे फडक्यात गुंडाळून एक मोठा पाव पाठवायच्या, 'धाकट्यासाठी'. साठीला टेकलेला माणूस, डोक्यावर केस उरले नाहीत, पण वन्संना अजून धाकटाच. पाव आला की हे आधी नुसता वास घ्यायचे, मग कापायचे.

तर त्या वस्तीच्या वरचाच उतार सरकायला लागला. ह्यांनी आकडे बघितले, रात्रंदिवस डोकं शिणवलं, आणि मंत्र्यांना सांगितलं, हा उतार खाली यायची शक्यता दहात एक.

दहात एक म्हणजे काय, हे त्यांनी मला किती वेळा समजावलं असेल! "असे दहा डोंगर उभे आहेत समज. दहांच्याही पोटात एवढंच पाणी मुरलंय, दहाही असेच सरकतायत. त्यातला एक पडेल, नऊ उभे राहतील. हा डोंगर नवांतला की तो एक, ते मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही."

"मग लोकांनी करायचं काय?"

"ते सांगणं माझं काम नाही."

घ्या! मंत्र्यांनीही तेच विचारलं होतं म्हणे, "हलवू की नको, एवढं सांगा." ह्यांनी उत्तर दिलं, "ते तुम्ही ठरवायचं, साहेब. मी 'हलवा' म्हटलं की मी मंत्री झालो, आणि मला कुणी निवडून दिलेलं नाही." त्यांना ह्या वाक्याचा अभिमान आहे. मी म्हटलं, तुमचा अभिमान ठेवा त्या टेबलाच्या पायाखाली.

त्या वेळी मंत्री घाबरले आणि अख्खी वस्ती हलवली. भोंगा लावलेली गाडी गल्लीगल्लीतून फिरली. महिनाभर माणसं शाळेच्या वर्गांत, फरशीवर, पोराबाळांच्या रडण्यात. आणि डोंगर? डोंगर जागचा हलला नाही. मग मंत्री टीव्हीवर म्हणाले, "आम्ही शास्त्रज्ञांच्या सल्ल्यानुसार वागलो." एवढं बोलून सगळं खापर आमच्या माथी फोडून मोकळे. ह्यांनी सांगितलं होतं की दहात नऊ शक्यता न पडण्याचीच आहे. पण ते कोण ऐकतंय? कुणीतरी त्यांना 'दहात एक' म्हटलं, ते चिकटलं ते चिकटलंच.

वन्सं परतल्या तेव्हा भट्टी गार पडलेली. गिऱ्हाईक खालच्या बेकरीकडे वळू नये म्हणून त्यांनी घाईघाईने पेटवली, आणि आतून भट्टीला तडा गेला. हे माती आणि विटा घेऊन धावले. वन्सं ह्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "डोंगराला तडा जाणार म्हणून सांगत होतास ना? गेला बघ, माझ्या भट्टीला." नंतर दार लावताना मला एकटीला म्हणाल्या, "मला भोंग्यावरून कळलं गं. सख्खा भाऊ तिथे बसलेला, आणि मला भोंग्यावरून." त्यांना कसं सांगू की सल्ला मंत्र्यांसाठी असतो, जाहीर होईपर्यंत तो घरीही बोलायचा नसतो? मी सांगितलं, पण माझं मलाच पटलं नाही. त्यानंतर ड्रायव्हरकडून पाव यायचा बंद झाला. हे मात्र बस यायच्या वेळेला उगाचच खिडकीशी जाऊन उभे राहायचे.

मधे दोन वर्षं गेली. मग परत तोच डोंगर, परत तसेच आकडे.

बैठकीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी हे माझ्या दुकानात येऊन बसले, जे ते कधी करत नाहीत. तेव्हाच मी ओळखलं. तोंडाने काही बोलायची सोय नव्हती, पण चेहरा लपत नव्हता. मी विचारलं, "डोंगर?" ते पडद्याच्या कापडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "या वेळी कुणी ऐकणार नाही."

"मग जास्त सांगा."

"म्हणजे?"

"दहात एक नका सांगू. दोनात एक सांगा. पडणारच म्हणून सांगा! कुणाच्या बापाचं काय जातंय? तुमची बहीण आहे तिथे, अहो!"

"माहीत आहे मला माझी बहीण कुठे आहे ते." इतक्या वर्षांत आवाज चढवल्याचं मी दुसऱ्यांदाच ऐकलं. मग लगेच आवाज उतरवून म्हणाले, "अगं, आज आकडा वाढवून सांगितला, तर उद्या माझ्या कुठल्याच आकड्याला अर्थ राहणार नाही. दुसऱ्या कुठल्या डोंगराखाली दुसऱ्या कुणाची ताई असेल. तिला काय सांगू?"

रात्री जेवायला वाढलं, ते ताट आपटून.

सकाळी ते बाकावर बसलेले असताना मंत्र्यांच्या सचिवबाई शेजारी येऊन बसल्या. भली बाई आहे, हे नेहमी सांगतात. म्हणाल्या, "साहेब गेल्या वेळचं विसरलेले नाहीत. निम्मं-निम्मं म्हणालात तरच गाडी हलेल, नाहीतर नाही. मी हे बोललेच नाही असं समजा." म्हणजे बघा, दाराबाहेरही तेच आणि घरीही तेच. मग शिपायाने खूण केली. हे आत गेले, भिंतीच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "दहात एक." टेबलाशी कुणीतरी फिस्सकन हसलं म्हणे. "आभारी आहोत."

दुपारी रेडिओवर निर्णय आला. वस्तीच्या खाली बस उभ्या राहतील. ज्यांना जायचं त्यांनी जावं, सक्ती नाही. याला म्हणतात तोंडाला पानं पुसणं! कुणी मेलं तर बस पाठवल्या होत्या, कुणी नाही मेलं तर सक्ती केली नव्हती.

मी फोन करायच्या आत हे घरी हजर. बूट न काढताच म्हणाले, "आता जाहीर झालंय. आता मी भाऊ म्हणून बोलू शकतो. ताईला घेऊन येतो."

"आणि नाही आल्या तर?"

"तर मी तिथेच राहीन. तिला एकटीला ठेवून येणार नाही."

"हो का? आणि मी इथे काय करू, हिशेब? दहात एक विधवा?" एवढं बोलले आणि बॅग काढली. दोघांचे दोन-दोन कपडे बॅगेत कोंबले, ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या टाकल्या, दुकानाला कुलूप लावलं आणि निघालो.

वस्तीच्या खालच्या चौकात बस उभ्या होत्या. एका बसमध्ये बरीच माणसं बसलीही होती, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, गाठोडी मांडीवर. आम्ही गल्ली चढून वन्संकडे गेलो. वाटेत सुतार भेटला, त्याच्याही हातात पेटी होती, निघालाच होता. ह्यांना बघून थबकला. बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नमस्कार करून बाजूला झाला. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

वन्सं भट्टीपुढे उभ्या होत्या. "ये," एवढंच म्हणाल्या. हे बसले आणि सगळं सांगितलं, आकडे, पाणी, सरकणं. वन्सं ऐकत होत्या आणि पिठाचे गोळे करत होत्या.

"पडेल का?"

"बहुतेक नाही पडणार, ताई."

"मग?"

"पण पडू शकतो."

वन्सं म्हणाल्या, "धाकट्या, एक तडा मी लिंपला. आता पुन्हा ही गार पडली तर कायमची गेली. माझ्याकडे ह्या भट्टीशिवाय काय आहे? तू जा. मी तुझ्यावर रागावलेली नाही, पण येत नाही."

"मग मीही जात नाही," हे म्हणाले आणि बॅग कोपऱ्यात ठेवून, बूट काढून चक्क कॉटवर बसले. मी कपाळाला हात लावला. तिघंही म्हातारे, तिघंही हट्टी, आणि डोक्यावर डोंगर.

बाहेर गलका ऐकू आला म्हणून मी खिडकीशी गेले. गल्लीत माणसं होती, पण खाली जाणारी नव्हेत, वर येणारी! बसमधली माणसं उतरून आपापल्या घरी चालली होती. गाठोडी परत आत. समोरची बाई गादी उलगडत होती. सुतार पेटी ठेवून दाराशी विडी पेटवत होता. मी ओरडून विचारलं, "अहो, परत का आलात?"

सुतार हसून म्हणाला, "वहिनी, साहेब स्वतः बायकोला घेऊन मुक्कामाला आलेत. मग आम्हाला कसली भीती? खाली सगळ्यांना सांगून टाकलं मी."

ह्यांनी ते ऐकलं. तसेच अनवाणी गल्लीत धावले. "अहो, मी राहायला नाही आलो! ताईला न्यायला आलोय! तुम्ही जा, बसमध्ये बसा!" सुतार म्हणाला, "न्यायला येणारा माणूस कपड्यांची बॅग घेऊन येतो होय, साहेब?" सगळे हसले. हे एकेका दाराशी जाऊन सांगत होते, घाम पुसत होते, "दहात एक आहे अजून, खरंच आहे." आणि लोक त्यांना पाणी देत होते, बसा म्हणत होते, आता कशाला घाबरवता म्हणत होते. जन्मभर हा माणूस आकडे सांगत आला, कुणी ऐकले नाहीत. एक बॅग दिसली, आणि अख्ख्या गल्लीने ऐकलं. मी खिडकीत उभी राहून रडायलाच लागले. ती बॅग मीच भरली होती.

वन्सं माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. भाऊ अनवाणी दारोदार फिरताना बराच वेळ बघत राहिल्या. मग भट्टीकडे गेल्या, लांब दांड्याच्या फावड्याने विस्तव ओढून बाहेर काढायला लागल्या. मी म्हटलं, "वन्सं, अहो, काय करताय?" त्यांनी निखारे अंगणात ओतले आणि त्यावर पाण्याची बादली पालथी केली. केवढा फुसकारा झाला, केवढी वाफ! सगळी गल्ली वळून बघायला लागली.

"ऐका रे," वन्सं दारात उभ्या राहून म्हणाल्या. "भट्टी विझवली मी. आता मी चालले. मागे राहायचं त्याने राहा, उद्या पाव मिळणार नाही." मग आतून बूट आणून ह्यांच्या पायात सरकवत म्हणाल्या, "चल, धाकट्या. तू इथे बसलास तर ही माणसं तुझ्या भरवशावर मरतील. चल लवकर."

सुतारानेच आधी पेटी उचलली. पाठोपाठ सगळे. वन्सं पहिल्या बसमध्ये पहिल्या सीटवर बसल्या. बस सुटली तरी त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही, आणि हे मात्र सारखे त्यांच्याकडे बघत होते.

आता तुम्ही विचाराल, डोंगर पडला का? नाही पडला. पाणी ओसरलं, सळ्या स्थिरावल्या, लोक घरी गेले. वर्तमानपत्रात ह्यांचं व्यंगचित्र आलं, कॉटवर झोपलेला माणूस, उशाला डोंगर, खाली 'दहात एक'. वन्सं परतल्या नाहीत. भट्टी गार झाली आणि उभी चिरली, आता ती लिंपण्यासारखी नव्हती. त्या आमच्याकडेच राहतात. माझ्या स्वयंपाकघरातल्या छोट्या ओव्हनला रोज नावं ठेवतात आणि त्यात रोज पाव भाजतात. हे वास घेतात, मग कापतात. पण शीळ नाही.

परवा रविवारी सकाळी वन्सं पीठ मळत होत्या, मी भाजी चिरत होते, हे खुर्चीत बसून नुसते हातांकडे बघत होते. सोमवारी पुन्हा बैठक आहे. तोच उतार, आकडा पुन्हा तोच. अचानक म्हणाले, "कधीकधी वाटतं, पडावा एकदाचा."

आणि बोलून स्वतःच दचकले. मी सुरी खाली ठेवली. ह्यांचा चेहरा कुणाचा खून करून आल्यासारखा पांढराफटक पडला होता.

वन्सं मळायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "मला तर रोज वाटतं. गल्लीत चिटपाखरू नसताना पडावा. माझं घर घे म्हणावं, चिरलेली भट्टीही घे, पण माझ्या धाकट्याला खरा ठरव."

हे उठून त्यांच्याजवळ गेले. पिठाने भरलेला त्यांचा हात तसाच धरला आणि म्हणाले, "नको गं, ताई. मी खोटाच बरा."

वन्संनी हात सोडवून घेतला नाही. पीठ तसंच राहिलं, वाळून गेलं, आणि त्या दिवशीचा पाव काही फुगला नाही. तोच आम्ही तिघांनी खाल्ला.